आपलं माणूस आधी की गरजवंत आधी?

॥ श्रीगुरवे नमः ॥



आपल्या परिवार ग्रुपवर महिन्या-दोन महिन्यांतून असा एक तरी मेसेज येतोच. "बाबांना घेऊन नांदेडहून निघालोय, पहाटेपर्यंत हैदराबादला पोचू. निम्समध्ये कोणाची ओळख आहे का?" कधी निम्सच्या जागी उस्मानिया असतं, कधी गांधी, कधी एखादा खाजगी दवाखाना. दहा मिनिटांत उत्तरं सुरू होतात. कोणाच्या जावेचा भाऊ तिथे लॅबमध्ये असतो, कोणाच्या शेजारची मुलगी तिथे सिस्टर असते. आणि एखादे काका लिहितात, "अजिबात काळजी करू नका, मी फोन लावतो, लगेच आत घेतील."

वाचून सगळ्यांना हायसं वाटतं. परक्या गावात, परक्या भाषेत, आजारी माणूस घेऊन येणाऱ्याला एवढा आधार मिळाला तर परिवाराचं सार्थक झालं असंच आपल्याला वाटतं. पण मागे एका स्वाध्यायाच्या बैठकीत एका तरुण गुरुभगिनीने साधा प्रश्न विचारला. "लगेच आत घेतील म्हणजे मग बाहेर कोण थांबेल?"

बैठकीत थोडा वेळ शांतता होती. मग कोणी म्हणालं, "अगं, ते डॉक्टरांचं काम." कोणी म्हणालं, "आपण आपल्या माणसाचं बघायचं." कोणी म्हणालं, "मग काय वडिलांना तसंच सोडायचं?" प्रश्न तसाच राहिला. आम्ही सेवेला जाणाऱ्या भगिनी त्यावर पुढेही बोलत राहिलो. त्या बोलण्यातून जे हाती आलं ते इथे मांडत आहोत.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करू. आपल्या माणसावर जास्त माया करणं हा दोष नाही. आईला स्वतःचं लेकरू आणि शेजारचं लेकरू सारखंच वाटलं पाहिजे, असं कोणत्याही संताने सांगितलेलं नाही. माया घरातूनच शिकायची असते. ज्याला स्वतःच्या बापाची कळ कळत नाही, त्याला जगाची काय कळणार? म्हणून अध्यात्मात आलो म्हणजे आपलं-परकं सगळं सोडलं, असली मोठी भाषा आम्ही करणार नाही. प्रश्न मायेचा नाहीच. ही माया दवाखान्याच्या दारात पोचली की तिने काय करावं आणि काय करू नये, एवढाच प्रश्न आहे.

त्यासाठी कॅज्युअल्टी ही जागा काय आहे ते आधी समजून घ्यावं लागेल. आपल्याला रांगेची सवय आहे. रेशनची रांग, बँकेची रांग, तिरुपतीची रांग. तिथे नियम एकच, जो आधी आला तो आधी. तिरुपतीला तीनशेचं तिकीट काढून कोणी पुढे गेलं तर आपण थोडं कुरकुरतो, पण चार तास उशिरा झालं तरी दर्शन ते दर्शनच. त्यात काही कमी होत नाही. कॅज्युअल्टीत मात्र उशिरा मिळालेला उपचार हा कधी कधी न मिळालेला उपचार ठरतो. म्हणून तिथे घड्याळाची रांग चालत नाही, तिथे जिवाच्या धोक्याची रांग असते. पेशंट आला की नाडी, रक्तदाब, श्वास, शुद्ध बघतात आणि ठरवतात, याला या क्षणी हात लावला पाहिजे, की याला थोडा वेळ आहे, की हा थांबू शकतो. अनेक मोठ्या दवाखान्यांत त्यासाठी लाल, पिवळा आणि हिरवा असे रंग ठरलेले आहेत. या निवडीला ट्रायेज म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, अर्थ निवडणं. आपण तांदूळ निवडतो तसंच.

ही पद्धत रूढ करण्याचं श्रेय नेपोलियनच्या सैन्यातले शल्यवैद्य डॉमिनिक लारे यांना देतात. दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या काळी लढाईत आधी मोठ्या अधिकाऱ्याची जखम बांधायची आणि साध्या शिपायाने वाट बघायची, असा रिवाज होता. लारे यांनी हुद्दा न बघता जखम बघायची असा नियम केला. जखमींना रणांगणातून झटपट उचलून आणणाऱ्या घोड्यांच्या गाड्याही त्यांनीच सुरू केल्या. आजच्या ॲम्ब्युलन्सची ती आजी म्हणायची.

आता ॲम्ब्युलन्सचा विषय निघालाच आहे तर आपल्या गावाचीही एक गोष्ट सांगू. 108 नंबरची रुग्णवाहिका सेवा 15 ऑगस्ट 2005 रोजी आपल्या हैदराबादेतूनच सुरू झाली आणि मग राज्याराज्यांत गेली. महाराष्ट्रात ती 2014 साली सुरू झाली. जपमाळेच्या मण्यांचा आणि त्या नंबराचा आकडा एकच, म्हणून आपल्या आजी मंडळींनाही तो पाठ आहे. 108 ला फोन केला की पलीकडून काय विचारतात? कुठे आहात, काय झालंय, पेशंट शुद्धीवर आहे का. कोणाचे कोण, हे कोणी विचारत नाही.

मागच्या वर्षी आम्ही दोघी-तिघी एका कुटुंबासोबत एका मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत बसलो होतो. मराठवाड्यातून आलेले साठीचे काका, पोटात मूतखड्याची कळ. ज्यांनी ती कळ बघितली आहे त्यांना माहीत आहे, माणूस अक्षरशः गडाबडा लोळतो. काकांचं ओरडणं ऐकवत नव्हतं. सिस्टरने तपासलं, एक इंजेक्शन दिलं आणि थांबायला सांगितलं. मुलगा येरझाऱ्या घालत होता. तेवढ्यात एक बाई आली, बांधकामावर काम करणारी असावी. हाताला सिमेंट लागलेलं, सोबत दहा-बारा वर्षांची मुलगी आणि मुलीच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी. बाई ओरडत नव्हती, रडत नव्हती. भिंतीला टेकून खाली बसली, घामाने भिजलेली, डोळे अर्धे मिटलेले. सिस्टरने तिच्याकडे एकदा बघितलं आणि तिला थेट आत नेलं.

काकांचा मुलगा चिडला. "आम्ही दीड तासापासून बसलोय, वडील इतके ओरडताहेत, आणि ही आत्ता आली!" त्याला तेलुगू येत नव्हतं. आम्ही मध्ये पडून सिस्टरशी बोललो. ती जे म्हणाली ते आम्ही त्याला मराठीत सांगितलं. "त्यांना ओरडता येतंय, त्यांचा श्वास चांगला आहे, बीपी चांगला आहे. त्यांना त्रास आहे, धोका नाही. तिला ओरडायचीही ताकद नाही. अम्मा, तुमच्या पेशंटला थांबवलंय ही चांगली बातमी आहे."

थांबवलंय ही चांगली बातमी! आम्ही सगळ्याच त्या वाक्याने जाग्या झालो. आपण कॅज्युअल्टीत थांबवलं की अपमान समजतो. आपल्याला कोणी विचारत नाही असं वाटतं. खरं तर ज्याला ताबडतोब पळवत आत नेतात, त्याच्या घरच्यांनी घाबरायचं असतं.

पहाटे तीनच्या सुमारास काकांचा नंबर लागला. सोनोग्राफी झाली, दुसऱ्या दिवशी कळ उतरली. ती बाई वर कुठल्या वॉर्डात गेली, पुढे तिचं काय झालं, ते आम्हाला कळलं नाही. पण एक विचार मनातून जात नाही. त्या रात्री काकांसाठी कोणी वरून फोन केला असता आणि सिस्टरला तो ऐकावा लागला असता, तर त्या बाईसाठी फोन कोणी केला असता? तिच्याजवळ एक लेक होती आणि एक पिशवी. तिचा श्वास हीच तिची ओळख होती. ती ओळखणारी एक सिस्टर तिथे होती म्हणून निभावलं.

इथे महाभारतातली एक कथा आठवते. वनपर्वातली यक्षाची कथा सगळ्यांना माहीत आहे. चार भाऊ तळ्याकाठी गतप्राण पडलेले. धर्मराजाने यक्षाच्या प्रश्नांची उत्तरं दिली. यक्ष प्रसन्न होऊन म्हणाला, चौघांतला एक जिवंत करतो, कोणाला करू? धर्मराजाने भीमाचं नाव घेतलं नाही, अर्जुनाचं घेतलं नाही. नकुलाचं घेतलं. यक्षालाही नवल वाटलं. राज्य परत मिळवायचं तर भीम-अर्जुन हवेत, सख्खे भाऊही तेच. धर्मराजाचं म्हणणं असं की कुंतीचा एक मुलगा मी जिवंत आहेच, माद्रीचाही एक असू दे.

ही कथा आपण समदृष्टीची म्हणून सांगतो. पण जरा थांबून बघितलं तर तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. माद्री तिथे नव्हती. ती केव्हाच सती गेली होती. तिच्या बाजूने बोलणारं कोणी नव्हतं. धर्मराजाने जी बाजू धरली ती गैरहजर आईची. ज्याच्यासाठी शब्द टाकणारं कोणी नाही, त्याचाही वाटा मोजणं हे धर्माचं काम आहे. परीक्षा घेणारा यक्ष प्रत्यक्ष यमधर्म निघाला, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. यमाच्या दारात ज्या हिशेबाने तो प्रसन्न झाला, तो हिशेब असा होता.

आता कोणी म्हणेल, ताई, धर्मराज निवडणारा होता. आम्ही निवडणारे नाही, आम्ही तर बापाचा हात धरून बसलेले. आमच्याकडून समदृष्टी कशी मागता? अगदी बरोबर आहे. आमच्या मते या प्रश्नाची गाठ इथेच सुटते.

कॅज्युअल्टीत दोन वेगळी कामं आहेत. तराजू धरणं हे डॉक्टर आणि सिस्टरचं काम. त्यांना सगळे पेशंट दिसतात, आपल्याला आपला एकच दिसतो. माया करणं हे आपलं काम. आपण बापाचं बोट सोडायचं नाही, पाणी द्यायचं का ते विचारायचं, कपाळावर हात ठेवायचा, कुठली गोळी चालू आहे, शुगर आहे का, काल रात्री काय खाल्लं, हे नीट सांगायचं. आपल्याकडून समदृष्टी कोणी मागत नाही. मागणं एवढंच आहे की आपल्या मायेचा हात त्यांच्या तराजूला लावू नये. भाजीवाला वजन करत असताना पारड्यावर बोट ठेवलं तर आपण त्याला लबाड म्हणतो. वशिल्याचा फोन म्हणजे तेच बोट आहे, फक्त दूरून ठेवलेलं.

यावर एक अवघड शंका बैठकीत आली होती. पैठणच्या नाथमहाराजांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. आपण ती कथा मुलांना कौतुकाने सांगतो. पण कावड नाथांची स्वतःची होती. श्रम त्यांचे, पुण्यही त्यांचंच जाणार होतं. इथे कळ तर काकांना येते आहे. त्यांच्या वाट्याचा त्रास आपण दुसऱ्यासाठी दान कसा करायचा? दुसऱ्याच्या दुखण्यावर उदार होणं सोपं असतं!

शंका खरी आहे. आम्हालाही तिचं उत्तर लगेच सुचलं नाही. विचार करता करता असं वाटलं की यात दान काही नाहीच. दान तेव्हा होतं जेव्हा वस्तू आपली असते. कॅज्युअल्टीतला पहिला नंबर काकांचा नव्हताच. तो ज्याच्या जिवाला सगळ्यात जास्त धोका, त्याचा. आपण तो दिला नाही, फक्त घेतला नाही. काकांना थांबवून आपण उदार होत नाही. आपण नुसते प्रामाणिक राहतो. मात्र काकांची कळ खरी आहे, दीड तास फार मोठा आहे, आणि तो त्यांनीच सोसला हे विसरायचं नाही. म्हणून तर त्या दीड तासात त्यांच्याजवळ बसणं ही आपली सेवा.

दुसरी शंका व्यवहारी आहे. "सगळेच फोन लावतात. आम्ही नाही लावला तर आमचंच माणूस मागे राहील." ही भीती खोटी नाही, जग असंच चाललंय. पण शांतपणे हिशेब केला तर काय दिसतं? ज्याच्या जिवाला खरा धोका आहे त्याला चांगली कॅज्युअल्टी फोनशिवाय आत घेते. म्हणजे वशिल्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो तो जो थांबू शकला असता त्याला. आणि आपण पुढे सरकतो तेव्हा मागे कोण जातं? फोन लावणारा दुसरा नव्हे, त्याचा फोनही चालूच असतो. मागे जातो तो ज्याच्याजवळ फोन लावायला कोणी नाही. "सगळे करतात" या सबबीची किंमत नेहमी तोच मोजतो जो करत नाही.

पण याचा अर्थ मुकाट्याने बसायचं असा मुळीच नाही. माणूस खरोखर खालावतोय आणि कोणी बघत नाही, तर बोललंच पाहिजे, आणि मोठ्याने बोललं पाहिजे. आधी घाम नव्हता, आता आलाय. आधी बोलत होते, आता बडबडताहेत. श्वास लागलाय. ओठ काळे-निळे पडताहेत. हे सांगणं वशिला नाही. ही तराजूत टाकायची खरी माहिती आहे, ती न सांगणं हीच चूक. "मी अमुक साहेबांचा माणूस" हे सांगणं आणि "यांचा श्वास बदललाय" हे सांगणं, या दोन वाक्यांत सगळा धर्म-अधर्म आला.

आणि दारातूनच कोणी परत पाठवत असेल, तर कायदा आपल्या बाजूला आहे हेही माहीत असू द्या. एका स्कूटरवाल्याला गाडीने उडवलं, जवळच्या दवाखान्याने पोलीस केस म्हणून घेतलं नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या दवाखान्यात पाठवलं आणि तो वाटेतच गेला. त्या बातमीवरून परमानंद कटारा नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 1989 साली न्यायालयाने सांगितलं की दवाखाना सरकारी असो की खाजगी, आधी जीव वाचवा, बाकीचे कागद नंतर. 1996 साली बंगालमधल्या एका प्रकरणात, रेल्वेतून पडलेल्या मजुराला एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी जागा नाही म्हणून परत पाठवलं होतं. तेव्हा न्यायालयाने सांगितलं की वेळेवर उपचार न देणं म्हणजे जगण्याच्या हक्काचाच भंग आहे. म्हणजे रांगेत शांत राहा असं म्हणताना, रांग इतकी लांब का, खाटा इतक्या कमी का, हे विचारण्याचं कर्तव्य संपत नाही. फक्त ते रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या शिकाऊ डॉक्टरची कॉलर धरून विचारायचं नसतं. त्या पोराने खाटा कमी केलेल्या नसतात. डॉक्टरांवर हात उगारणं हा आपल्याकडे 2008 च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी, ज्या हातांनी आपल्या माणसाची नाडी धरायची त्या हातांना थरथरवून आपण काय मिळवतो?

मग आपल्या ग्रुपने ओळख वापरायचीच नाही का? वापरायची, भरपूर वापरायची. पण कशासाठी, ते ठरवू या. कुठल्या दवाखान्यात आज कुठली सोय चालू आहे, हे आधी विचारून सांगणं. कॅज्युअल्टीचं दार कुठलं, चिठ्ठी कुठे काढायची, आरोग्यश्रीला कुठले कागद लागतात, हे सांगणं. रक्त लागलं तर दाता शोधणं. नातेवाइकांना डबा पोचवणं, रात्रभर बसलेल्याला दोन तास झोपू देणं. आणि सगळ्यात मोठी सेवा भाषेची. नोप्पी म्हणजे दुखणं, ज्वरम् म्हणजे ताप, आयासम् म्हणजे धाप, एप्पट्नुंची म्हणजे कधीपासून. परभणी-नांदेडच्या माणसाला हे चार शब्द समजावून देणारं कोणी शेजारी असलं तर त्याचा निम्मा जीव खाली पडतो. अशा ओळखीने कोणी मागे जात नाही. उलट पेशंटची नीट माहिती मिळाली की डॉक्टरांचा वेळ वाचतो, तो पुढच्याच्या कामी येतो.

अफझलगंजला उस्मानिया दवाखान्याच्या आवारात एक जुनं चिंचेचं झाड आहे. 28 सप्टेंबर 1908 च्या मुसी नदीच्या महापुरात हजारो माणसं वाहून गेली, जुना दवाखानाही गेला. त्या रात्री या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचली, असं सांगतात. पुढे त्याच परिसरात व्हिन्सेंट एश यांनी आखलेली उस्मानियाची घुमटांची इमारत उभी राहिली. झाड अजून आहे. दवाखाना कसा असावा, हे तो बांधण्याआधीच त्या झाडाने सांगून ठेवलंय. ज्याचा हात पोचला त्याला फांदी दिली. आणि फांदीवर बसलेल्याचं काम काय होतं? घट्ट धरून बसायचं, आणि खालून येणाऱ्या हाताला जागा ठेवायची.

आपण रोज आरतीनंतर म्हणतो की सगळ्यांत एकच गुरुतत्त्व आहे. देवघरात ते म्हणायला सोपं जातं. कॅज्युअल्टीच्या बाकावर, आपलं माणूस कण्हत असताना, समोर भिंतीला टेकून बसलेल्या अनोळखी बाईतही ते आहे असं मानणं, ही खरी उपासना. दरवेळी जमेलच असं नाही. पण पुढच्या वेळी ग्रुपवर "ओळख आहे का" असा मेसेज आला, की उत्तर लिहिताना "लगेच आत घेतील" याऐवजी एवढं लिहू या. "आम्ही येतो. तुमच्याजवळ बसतो. काय बोलायचं ते डॉक्टरांना समजावून सांगतो."

॥ श्रीगुरुचरणी अर्पण ॥

आपल्या विनम्र,
सेवेकरी भगिनी मंडळ, हैदराबाद